विकतचा चिखल

गेल्या जुलैत आमच्याकडे स्पेनहून चिखल आला.

रीतसर आला. पुठ्ठ्याच्या खोक्यात, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळलेला, वर आयातशुल्क भरलेला. ३५ मिलिलिटरची काचेची बाटली, आणि तिच्यावर चक्क छापलेलं की आतला चिखल ताजा आहे. पार्सल घेऊन आलेला मुलगा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दारात उभा होता, कारण आमच्या गल्लीत तेव्हा कसलीशी पाइपलाइन टाकायला रस्ता खणला होता आणि पुढचं काम पावसाने हाती घेतलं होतं. त्याच्या चपलांना, पोटऱ्यांना, अगदी पाठीवरच्या पिशवीलाही चिखल होता. बायकोने खोक्यात काय आहे विचारलं. निवृत्त माणसाला खोटं बोलायचा कंटाळा येतो, म्हणून मी खरं ते सांगितलं. तिने एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा त्या मुलाच्या पायांकडे, आणि मग बराच वेळ माझ्याकडे.

"अहो," ती म्हणाली, "ह्याला आत बोलावून पाय धुवायला सांगितले असते, तर बादलीभर निघाला असता."

तिचं चुकत नव्हतं. पण गल्लीतला चिखल एकास एक या प्रमाणातला असतो. मला हवा होता एकास पस्तीस.

मी रणगाडे करतो. प्लास्टिकचे, वीतभर लांबीचे. बरोबरीचे निवृत्त लोक पहाटे हास्यक्लबात जातात, काही नर्मदा परिक्रमेला गेले, एकाने शेअरबाजारात उडी घेतली आणि आता तोही परिक्रमेला निघालाय. मी तीन-चारशे तुकड्यांचं खोकं आणतो, ते महिनोन्‌महिने जोडतो, रंगवतो, आणि ते नवंकोरं, चकचकीत, देखणं झालं की मग खरं काम सुरू होतं. ते घाण करायचं. या शास्त्राला वेदरिंग म्हणतात. ऊन, पाऊस, धूळ, तेल, गंज आणि चिखल यांनी रणगाड्याची जी दशा होते ती ब्रशने करायची. त्याच्याखाली जमिनीचा तुकडा करून, त्यावर माणसं उभी करून एखादा प्रसंग मांडला, की झाला डायोरामा.

आता एकास पस्तीसच का, हे कुणी विचारलं तर मला फार बरं वाटतं, कारण सहसा कुणी विचारत नाही. उत्तर जपानमधल्या शिझुओका शहरात आहे. तिथल्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मोटरवर चालणारं मॉडेल काढलं. ते केवढं करायचं? तर पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावतील एवढं. मावले. मग मोजून पाहिलं, तर मूळच्या रणगाड्याचा साधारण पस्तिसावा हिस्सा भरला. झालं! आज देशोदेशीचे प्रौढ, कर्ते पुरुष कपाळाला भिंग बांधून ज्या प्रमाणाची शपथ घेतात आणि ज्यावरून मैत्र्या मोडतात, त्याच्या मुळाशी टॉर्चचे सेल आहेत. सोवळ्याओवळ्याच्या कित्येक नियमांचा शोध घेतला तर तिथेही असंच काहीतरी निघेल, असा मला संशय आहे.

याच कंपनीने पुढे पोर्शे गाडीचं मॉडेल अचूक व्हावं म्हणून एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि तिचा नट न्‌ नट सुटा केला. हे मी घरी कौतुकाने सांगितलं. आमच्याकडे नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं निघालं नव्हतं. त्यामुळे गोष्ट कुणालाच रुचली नाही.

खरं तर मराठी माणसाला डायोरामा शिकवायला जपानी माणूस लागत नाही. दिवाळीतला किल्ला म्हणजे दुसरं काय असतं? विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुचकळलेलं गोणपाट पसरायचं, अळीव पेरून हिरवळ उगवायची, पायऱ्या करायच्या, तळ्यासाठी आरशाचा तुकडा पुरायचा. आमच्या वाड्यातल्या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज बुरुजापेक्षा उंच होते. मावळे त्यांच्या गुडघ्याला लागायचे. तळ्यात दरवाजाएवढं बदक, तोफेशेजारी घागर घेतलेली गवळण, आणि कुठून कोण जाणे, एक पांढऱ्या टोपीचा ट्रॅफिक पोलीस. कुणी हरकत घेतली नाही. तिथे प्रमाणाचा नियम सरळ होता: ज्याचा मान मोठा त्याची मूर्ती मोठी. पन्नास वर्षांनी मी त्याच खेळात परत आलो तेव्हा खेळ बिघडलेला होता. आता माझे एक इंजिनिअर स्नेही येतात, खिशातून व्हर्निअर कॅलिपर काढतात आणि माझ्या शिपायाचं डोकं अर्धा मिलिमीटरने मोठं असल्याचं दाखवतात. अर्धा मिलिमीटर म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर हो, असं वर म्हणतात. म्हणू देत. काही लोकांची डोकी मोठी असतात.

मी निवडला सेंच्युरियन. हा ब्रिटिश रणगाडा दुसऱ्या महायुद्धासाठी आखला गेला, आणि त्याचे पहिले नमुने १९४५च्या मे महिन्यात जर्मनीत पोचले तेव्हा युद्धच उरलं नव्हतं. वरात येऊन गेल्यावर बँड पोचावा तशी गत. पण पुढे कोरियापासून गोलानपर्यंत त्याने ती कसर भरून काढली, आणि १९६५ आणि १९७१ला तो आपल्या बाजूने लढला. त्याचं मीटिअर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानातल्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवरचं भावंड. वजन पन्नास टन. शेजारच्या काकांनी खोक्यावरचं चित्र पाहून पहिला प्रश्न विचारला तो "अ‍ॅव्हरेज किती?" असा. सुरुवातीच्या सेंच्युरियनचं अ‍ॅव्हरेज होतं लिटरला साधारण दोनशे मीटर. काकांनी मनात हिशेब केला. "म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायचं तर दोन लिटर," ते म्हणाले आणि त्यांचं रणगाड्याबद्दलचं मत कायमचं खाली आलं.

जोडणीबद्दल मी फार सांगत नाही. चिमट्यातून तुकडा निसटतो, 'टिक' असा आवाज होतो, आणि साठीचा माणूस रांगू लागतो. आमच्या घरात जुनी मोझॅकची फरशी आहे. तिच्यावर हिरवा, पांढरा, काळा, तपकिरी अशा सगळ्या रंगांचे ठिपके आहेत, म्हणजे हरवलेला कुठलाही तुकडा तिच्यावर आधीपासूनच काढून ठेवल्यासारखा दिसतो. शेवटी यावर तोडगा काढला तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्यांनी केर काढताना एक रिकामी कुंकवाची डबी जवळ ठेवायला सुरुवात केली आणि सुपलीत काही संशयास्पद दिसलं की तिच्यात टाकायचं. महिनाअखेरीला डबी माझ्या हवाली झाली. त्यात रणगाड्याचे पाच तुकडे, कानातल्याची एक फिरकी आणि मसुराची एक डाळ निघाली. त्या डाळीला मी दहा मिनिटं हेडलाइटची काच समजत होतो. बसलीही असती.

मग आला रंगाचा प्रश्न. लष्करी हिरवा म्हणजे नेमका कोणता यावर मॉडेलवाल्यांचं कधी एकमत झालेलं नाही. जुने फोटो विटलेले, छपाई बदललेली, रणगाडा पुन्हा पुन्हा रंगवलेला. इंजिनिअर स्नेह्यांनी रंगांचे नंबर धाडले. मी हैराण झालेला पाहून बायको म्हणाली, "फोटोत रंग कधी खरा येतो का? चला माझ्याबरोबर." आणि मला मॅचिंग सेंटरमध्ये घेऊन गेली.

या दुकानांना आपण मान देत नाही. पण हिरव्या रंगाचं एवढं सूक्ष्म ज्ञान दुसऱ्या कुठल्याही संस्थेत नाही. बायकोने काउंटरवरच्या माणसाला सांगितलं, "शेवाळी दाखवा. मेहंदीकडे झुकणारा नको, बाटली हिरवा तर मुळीच नको. आणि चमक नको, साधा टू बाय टू काढा." त्याने एका हाताने अकरा तागे फटाफट काउंटरवर टाकले. अकराही शेवाळी, अकराही वेगळे. मग त्याने विचारलं, "साडी आणलीय?"

"साडी नाही," बायको म्हणाली. "रणगाडा आहे."

तो क्षणभरही थांबला नाही. "काठ कसला आहे?"

तिथून आणलेला पाव मीटर कापडाचा तुकडा समोर टांगून मी रंग कालवला. तो रंग आजवर कुणाला चूक म्हणता आलेला नाही. स्नेह्यांनी नंबर विचारला तेव्हा मी दुकानाची पावती दाखवली.

तरीही खरा सेंच्युरियन डोळ्यांनी पाहावा म्हणून एक दिवस नगरला गेलो. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. १९९४ साली सुरू झालेलं. व्हॅलेंटाइन, चर्चिल, मटिल्डा, आपला विजयंत, पाकिस्तानकडून हाती लागलेले पॅटन, असे नावाजलेले रणगाडे तिथे उघड्यावर ओळीने उभे आहेत. मी वही, फूटपट्टी, कॅमेरा, सगळी तयारी करून गेलो होतो. कुठे गंज कसा उतरलाय, डाग कुठून कुठे ओघळलाय, सगळं टिपायचं होतं. आणि बघतो तर काय, सगळे रणगाडे न्हाऊनमाखून उभे! जाड, दणदणीत ऑइलपेंट. एका चाकाला चिखलाचा ठिपका नाही. मी विसरलोच होतो की ही फौज आहे. लष्करी हद्दीत शिरलं की झाडांचे बुंधेसुद्धा गेरू-चुन्याने नेटके रंगवलेले असतात. जिथे झाडाला झाडासारखं दिसायची मुभा नाही, तिथे रणगाड्याला कोण मळू देणार? माझ्या ध्यानात आलं की मी पेन्शनच्या पैशांनी जे अंगावर चढवतोय, ते उतरवण्यात रणगाडेवाल्यांची अख्खी नोकरी जाते. तिथल्या एखाद्या सुभेदारसाहेबांना माझा छंद सांगायची छाती मला झाली नाही.

माझा डायोरामा होता १९७१च्या डिसेंबरातला, शकरगढ भागातल्या बसंतर नदीवरचा. रिसाला पूना हॉर्स. १८१७ साली पुण्याच्या तहातून, पेशव्यांच्या खर्चाने उभं राहिलेलं हे घोडदळ. पेशवाई पुढच्या वर्षी गेली. रिसाला अजून आहे, घोड्यांच्या जागी रणगाडे आले एवढंच. १६ डिसेंबरला जरपालजवळ या रिसाल्याचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल पॅटन रणगाड्यांच्या हल्ल्याला सामोरा गेला. जन्म पुण्याचा, १९५०चा. रणगाडा पेटला तरी त्याने तो सोडला नाही. वय २१. मरणोत्तर परमवीरचक्र. खडकवासल्याला प्रबोधिनीत ज्या मैदानावर दीक्षांत संचलन होतं त्याला त्याचंच नाव आहे. त्याच्या सेंच्युरियनचं नाव होतं 'फॅमागुस्टा', सायप्रसमधल्या एका बंदराचं, आणि तो रणगाडा याच नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जपून ठेवलेला आहे.

फॅमागुस्टाच करायचा असं मी घरून ठरवून निघालो होतो. परतीच्या एसटीत ते रद्द केलं. जळलेल्या रंगाचे पोपडे कसे करायचे, काजळी कुठे गडद ठेवायची, हे मला चांगलं येतं. तेच नको वाटलं. मी त्याच रिसाल्याचा एक बिननावाचा रणगाडा घेतला, आदल्या संध्याकाळचा. नदीकाठी थांबलेला, आणि शेजारी एक जवान मगमधून चहा पितोय. चहाचा मग साधारण तीन मिलिमीटरचा.

तर वेदरिंग. नवख्या माणसाला वाटतं की घाण करणं सोपं आहे. मलाही वाटलं होतं. पहिल्या रणगाड्यावर मी सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासला. तो रणगाडा न दिसता गुळाची ढेप दिसू लागला. घाण जिथे तिथे नसते. तिला कारण असतं, रस्ता असतो आणि मालक असतो. हे मला कुठल्या पुस्तकातून कळलं नाही, घरातल्या भिंतींवरून कळलं.

आमच्या हॉलमध्ये आरामखुर्चीच्या मागे, जमिनीपासून साडेतीन फुटांवर, ताटलीएवढा एक तेलकट गोल होता. वडिलांचं डोकं तिथे टेकायचं. तीस वर्षं खोबरेल तेल, एकच जागा. वडील गेले, खुर्ची गेली, दोनदा रंग दिला, दोन्हीदा तो गोल पावसाळ्यात पुन्हा वर आला. फ्रिजच्या दाराला मुठीच्या जागी नाही, तर मुठीच्या वर चार बोटं काळपट असतं, कारण मूठ धरायला सगळ्यांनाच आळस असतो. दिव्यांच्या बटणांपैकी पंख्याचं बटण सगळ्यात मळकं. देवघराच्या छताला धूर, मिसळणाच्या डब्याच्या झाकणावर हळदीचा अंगठा. एकदा हे दिसू लागलं की रणगाडा वाचता येतो. जवान वर चढताना बूट कुठे ठेवतील, तिथला रंग घासून खालचं लोखंड दिसणार. पेट्रोल भरायचं झाकण जिथे, तिथून खाली ओघळ. सेंच्युरियनचे धुराडे मागच्या बाजूला चाकांवरच्या पत्र्यावर असतात, म्हणजे काजळी तिथे, बाकी कुठे नाही. जो डाग का पडला ते सांगता येत नाही, तो काढून टाकायचा.

हे सगळं मी आमच्या घरात करतो याला थोडं धैर्य लागतं. आमच्याकडे टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकचं आवरण आहे, सोफ्याला कव्हर आहे, आणि त्या कव्हरवर पाहुणे नसताना टाकायची चादर आहे. जेवणाच्या टेबलाचं लाकूड मी शेवटचं पाहिलं ते दुकानात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही वस्तू वापरल्याचा पुरावा मागे राहू नये म्हणून झटत आलो, आणि त्याच घरात मी ब्रशाने पुरावे तयार करत बसलोय.

रंगाचे पोपडे उडवायची जी युक्ती आहे तिला केसांवर मारायचा स्प्रे लागतो. आधी सगळा रणगाडा गंजाच्या रंगाने रंगवायचा. त्यावर वार्निश, वार्निशवर हेअरस्प्रे, आणि त्यावर आपला शेवाळी. वाळला की पाण्याने ओला करून टोकदार ब्रशाने हलके घासायचं. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, वरचा हिरवा कण न्‌ कण सुटतो, आणि खालून गंज डोकावतो. अगदी खरा दिसतो. माझ्या डोक्याची अवस्था पाहता मी दुकानात हेअरस्प्रे मागितला तेव्हा दुकानदाराच्या चेहऱ्यावर जी करुणा उमटली, ती मी जन्मात विसरणार नाही. "वहिनींसाठी का?" त्याने सावरून घेतलं.

गंजाची पूडही परदेशातून बाटलीत येते, पण तिथे मी शहाणपणा केला. तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू होता. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, म्हणजे गंजच, फक्त कुळीन. चिमूटभर गेरू मऊ ब्रशाने सांध्यांत बसवला. आठ दिवस खपून मी असा काही गंज चढवला की रणगाडा समुद्राच्या तळातून काढल्यासारखा झाला. मी खूश. मग स्नेही आले. त्यांनी कॅलिपर काढला नाही, चहा घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "लढाई सुरू झाली ३ डिसेंबरला. तुमचा देखावा १५ तारखेचा. बारा दिवसांत एवढा गंज चढला?"

मी काहीतरी पुटपुटलो. दव वगैरे.

"आणि आदल्या दिवसापर्यंत तो रणगाडा रिसाल्यात होता," ते म्हणाले. "रिसाल्यात गंज ठेवतात?"

मला नगरचे ते न्हाऊनमाखून उभे असलेले रणगाडे आठवले. माणूस खोचक आहे, पण बरोबर होता. आठ दिवसांचा गंज पुसायला मला अकरा दिवस लागले. उरला तो फक्त पट्ट्याच्या कड्यांवर आणि धुराड्यांवर, कारण तापलेल्या धुराड्यावर रंग टिकत नाही. तेवढा त्यांनी मंजूर केला.

जमिनीसाठी मात्र मी स्वयंपाकघरात शिरलो आणि पस्तावलो. हिशेब साधा होता. गल्लीतला सेंटिमीटरभर खडा पस्तीस पटीने चांगला फूटभर दगड होतो, म्हणून बारीक काही हवं. बारीक रवा म्हणजे रस्त्यावरची खडी. खसखस म्हणजे नदीतले गोटे. कसुरी मेथी चुरडली की पडलेला पाला. नारळाच्या शेंडीचे तंतू झुबक्याने रोवले की नदीकाठचा सरकंडा. प्लायवूडवर प्लास्टर, वर फेव्हिकॉलचं पाणी, त्यावर चाळणीने चाळलेली माती आणि रवा. दिसायला बसंतरचा काठ हुबेहूब. बायको वासावरून म्हणाली, "मेथी मटर होतंय का काही?"

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंग्या आल्या. लाल, ओळीने, शिस्तीत. स्केलच्या हिशेबाने लाल मुंगी म्हणजे उंदराएवढी, आणि त्यांच्यात जे दोन-चार मुंगळे होते ते मांजराएवढे. त्यांनी नदी उथळ भागातून ओलांडली, सरकंड्याच्या आडोशाने पुढे सरकल्या आणि रणगाड्याच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागच्या खडीचा फडशा पाडायला लागल्या. डावपेच म्हणून पाहिलं तर नमुनेदार. चहा पिणारा जवान तसाच चहा पीत होता. संध्याकाळी ट्यूबलाइटमागची पाल मुंग्यांच्या मागावर खाली उतरली. वीतभर पालीला पस्तिसाने गुणा म्हणजे ती काय होती ते कळेल. मी चपलेकडे हात नेला, पण चपलेला पस्तिसाने गुणून पाहिलं आणि परत ठेवली. रवा खरवडून काढला, बांधकामावरची वाळू वस्त्रगाळ करून वापरली. खसखस तेवढी वार्निशखाली अडकून वाचली आहे.

आणि अखेर चिखल. जुना टूथब्रश बाटलीत बुडवायचा आणि काडीने त्याचे केस मागे ओढून सोडायचे, की बारीक शिंतोडे उडतात. रणगाड्यावरही उडतात. माझ्या चष्म्यावर, पडद्यावर आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर आषाढी एकादशीच्या चौकोनात उडाले. वारीचा महिना असल्यामुळे तिथे ते शोभूनही दिसले. रात्री दोनला मी थांबलो. चाकं, पट्टे, खालचा पत्रा, सगळीकडे स्पेनचा ताजा चिखल. इतकं सुंदर मी आयुष्यात काही घाण केलं नव्हतं.

सकाळी मावशी केर काढायला आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. मी धावलो. त्यांनी ओल्या फडक्याने एक हात फिरवला असता तर माझे तीन महिने बादलीत गेले असते. पण त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. त्या वाकून चाकांकडे बघत होत्या.

"दादा, हा चिखल कुणी लावला?"

"मी."

"असा नसतो बसत." त्यांनी बोटाने, न लावता, दाखवलं. "आमचे मालक ट्रॅक्टर चालवायचे. चिखल असा बाहेरून सगळीकडं नसतो. जिथं चाक घासतं ना, तिथं लोखंड आरशावानी चमकतं. चिखल बसतो आत, बेचक्यात. आणि आतला वाळून पांढरा पडतो, त्याच्यावर नवा बसतो तो काळा. दोन्ही एकसारखं नसतंय. आणि हे इथं वरती कसा काय गेला?"

वरती तो टूथब्रशमुळे गेला होता, असं मी सांगितलं नाही.

"गाडी कधीची उभी आहे?" त्यांनी विचारलं.

"संध्याकाळची."

"मग खालचा ओला ठेवा. वरचा वाळू द्या."

मी इंजिनिअर स्नेह्यांना फोन केला, मावशी बोलल्या त्या शब्दांत सगळं वाचून दाखवलं, आणि विचारलं, बरोबर आहे का. पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, "कुणाकडून कळलं तुम्हाला? कुठलं पुस्तक?"

चिखल पुन्हा केला. पट्ट्याच्या कडा पेन्सिलीच्या शिशाने घासून चमकवल्या, बेचक्यांत फिका, त्यावर गडद. मावशींना दाखवला. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालेल. चहा पिणाऱ्या जवानाबद्दल त्या म्हणाल्या की त्याला थंडी वाजत असणार, घोंगडं द्या. टिश्यू पेपर फेव्हिकॉलमध्ये भिजवून त्याला ब्लँकेट दिलं.

आता त्याच्यासाठी काचेची पेटी करायची आहे. सुताराने जो आकडा सांगितला तो ऐकून बायको म्हणाली, "म्हणजे आधी धूळ विकत आणायची, आणि मग तिच्यावर धूळ बसू नये म्हणून पेटी करायची." मी तिला समजावलं की खरी धूळ स्केलमध्ये नसते, पिसासारखी बसते, कापसाचा एक धागा म्हणजे इथे दोरखंड होतो. ती ऐकत होती, पण हात सोफ्याचं कव्हर ओढून सरळ करत होते.

सुतार दोन महिने आलेला नाही. रस्ता अजून उघडाच आहे, पाऊस थांबला, आणि गल्लीतून जे काही उडतं ते खिडकीतून थेट बसंतरवर. काल मावशी हातात माझा मऊ ब्रश घेऊन टेबलापाशी उभ्या होत्या. बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी मला हाक मारली.

"दादा, यातली पुसायची धूळ कुठली?"